फोटो मिटवले, माग पुसला: कॅलाबासस दुर्घटनेतल्या छायाचित्रांचं प्रकरण

२६ जानेवारी २०२० च्या रविवारी सकाळी कॅलिफोर्नियातल्या जॉन वेन विमानतळावरून सिकॉर्स्की एस-७६बी जातीचं एक हेलिकॉप्टर उडालं. पायलट धरून आत नऊ जण होते. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्याची तेरा वर्षांची मुलगी जियाना, तिच्या संघातल्या दोन मुली, पालक आणि प्रशिक्षक. चाळीसेक मिनिटांनी दाट धुक्यात लॉस एंजेलिस काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) कॅलाबाससजवळच्या डोंगरउतारावर ते आदळलं. कोणीही वाचलं नाही. ढगात शिरल्यावर पायलटचं दिशाभान सुटलं, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढच्या वर्षी काढला. अपघाताची चौकशी तिथे संपली. मदतीला गेलेल्यांच्या खिशातल्या फोनची चौकशी मात्र त्यानंतर दोन वर्षं चालली.

रुग्णवाहिकेवर, अग्निशमन दलात किंवा शोध-बचाव पथकात काम करणाऱ्यांना हे प्रकरण अगदी मुळापासून समजून घ्यायला हवं. कोर्टाने काउंटीला भरपाई द्यायला लावली एवढंच बहुतेकांना माहीत असतं. ती भरपाई का द्यावी लागली, हे जास्त बोलकं आहे. कारण मदतीला गेलेल्यांनी काढलेला मृतदेहांचा एकही फोटो कधी इंटरनेटवर आला नाही.

डोंगरावर काय झालं

जागा अवघड होती. रस्त्यापासून उतारावर चढत जावं लागत होतं आणि अवशेष दूरवर विखुरले होते. सगळ्यात आधी पोचलेल्यांत शेरीफ विभागाचे, म्हणजे काउंटी पोलिसांचे, डेप्युटी (पोलीस कर्मचारी) आणि काउंटीच्या अग्निशमन दलाचे लोक होते. कोणी वाचलंय का हे पाहणं हे त्यांचं पहिलं काम. ते झाल्यावर जागा राखणं, बघ्यांना आणि ड्रोनना दूर ठेवणं, आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनर कार्यालयाची वाट पाहणं. मृतदेहांचे फोटो काढणं हे कोरोनरच्या तपासनीसांचं काम असतं आणि अवशेषांचं छायाचित्रण सुरक्षा मंडळाचं. दोघांचे कॅमेरे ठरलेले असतात, नोंदी ठरलेल्या असतात.

तरी एका डेप्युटीने स्वतःच्या मोबाइलवर मृतदेहांचे जवळून फोटो काढले. अग्निशमन दलातल्या एका कॅप्टननेही काढले. डेप्युटीचं म्हणणं असं की खालच्या नियंत्रण चौकीला परिस्थितीची कल्पना द्यायची होती. हे म्हणणं पहिल्या झटक्यात पटतं. चौकीला खरोखरच माहिती हवी असते: किती माणसं पाठवायची, रस्ता कुठून, आग कितपत. पण यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर मृतदेहाच्या जवळून काढलेल्या फोटोत मिळतं? उतार, अवशेषांचा पसारा आणि धूर दाखवणारा एक दुरून काढलेला फोटो पुरला असता. वायरलेसवर दोन वाक्यांत सांगूनही भागलं असतं.

त्याच दिवशी लॉस्ट हिल्सच्या शेरीफ ठाण्यात कुटुंबीय जमले होते. कोबीच्या पत्नी व्हेनेसा ब्रायंट यांनी शेरीफ, म्हणजे काउंटी पोलिसांचे प्रमुख, अॅलेक्स व्हिलानुएवा यांना थेट विनंती केली होती की जागा सुरक्षित करा आणि कोणालाही फोटो काढू देऊ नका. शेरीफने तसा शब्द दिला. इकडे हे बोलणं चाललं होतं आणि तिकडे त्यांचेच कर्मचारी फोटो एकमेकांना धाडत होते.

फोटो कुठे कुठे गेले

कोर्टात साक्षींमधून जो प्रवास बाहेर आला तो वाचताना अंगावर काटा येतो. त्यात एकही माणूस खलनायक वाटत नाही, म्हणून तर जास्तच. डेप्युटीने फोटो चौकीवरच्या सहकाऱ्याला पाठवले. तिथून आणखी एकाला, आणखी एकाला. एका डेप्युटीने ते ऑनलाइन व्हिडिओ गेम खेळता खेळता ओळखीच्या दुसऱ्या डेप्युटीला पाठवले. शिकाऊ असलेल्या एकाने दुर्घटनेनंतर दोन दिवसांनी नॉरवॉकमधल्या एका बारमध्ये ते बारटेंडरला दाखवले. हे सगळं बारच्या सुरक्षा कॅमेऱ्यात टिपलं गेलं आणि ते चित्रण पुढे खटल्यात निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, म्हणजे जूरीने, पाहिलं: काउंटरच्या अलीकडे फोन पुढे करणारा तरुण, पलीकडे पडद्याकडे पाहणारा बारटेंडर. अग्निशमन दलाकडचे फोटो काही आठवड्यांनी एका पुरस्कार सोहळ्याच्या आधीच्या पेयपानाच्या वेळी चारचौघांत दाखवले गेले.

या साखळीतली एक कडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फोटो काढणाऱ्या डेप्युटीने साक्षीत सांगितलं की डोंगरावर अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याने फोटो मागितले, म्हणून त्याने ते एअरड्रॉप केले. हा अधिकारी कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. एअरड्रॉप फोनवरून फोनवर थेट जातो, ब्लूटूथ आणि वायफायवर. मध्ये सर्व्हर नाही, चॅट नाही, पाठवलेल्याची यादी नाही. देणाऱ्याला नाव आठवलं नाही आणि घेणारा पुढे आला नाही, की संपलं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध अपघातांपैकी एकाचे फोटो एका अज्ञात फोनमध्ये गेले आणि त्या फोनचं पुढे काय झालं हे कोणाला सांगता येत नाही.

तक्रार आली, आणि मग

बारमध्ये बसलेल्या एका ग्राहकाला हा प्रकार सहन झाला नाही. त्याने लगेच शेरीफ विभागाकडे ऑनलाइन तक्रार केली. म्हणजे दोन-तीन दिवसांतच वरिष्ठांना कळलं होतं. फोटो तेव्हा फोनमध्येच होते, लोक कोण ते माहीत होतं, आणि कोणी कोणाला पाठवले हे सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं.

या टप्प्यावर जो निर्णय झाला तो या प्रकरणाचा गाभा आहे. शेरीफने सांगितलं की ज्यांच्याकडे फोटो आहेत त्यांनी ते मिटवून टाकावेत, म्हणजे शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. त्यांनी पुढे माध्यमांनाही हे उघडपणे सांगितलं. आठ जण होते, त्यांनी फोटो मिटवले. प्रसार थांबवणं हे पहिलं उद्दिष्ट होतं, असा त्यांचा बचाव होता.

हेतू वाईट नव्हता असं गृहीत धरलं तरी हा निर्णय चुकीचाच होता, असं माझं मत आहे. ज्याने फोटो काढला त्याच्यापेक्षा ज्याने मिटवायला लावला त्याची चूक मला मोठी वाटते. फोटो काढणारा धक्क्यात असेल, कुतूहलात असेल, मूर्खपणा करत असेल. वरिष्ठाकडे मात्र विचार करायला वेळ होता. मिटवल्याने काय साधलं? पडद्यावरून चित्र गेलं. कोणी पाठवलं, कोणाला, केव्हा, मूळ फाइल कुठली, क्लाउडमध्ये प्रत गेली का, हे शोधायचा मार्गही त्याबरोबर गेला. आयफोनवर मिटवलेला फोटो ३० दिवसांपर्यंत ‘नुकतेच हटवलेले’ या कप्प्यात पडून राहतो. आयक्लाउड चालू असेल तर तो आधीच त्याच खात्यावरच्या दुसऱ्या उपकरणात पोचलेला असतो. ‘मिटवलं’ हा शब्द कर्मचाऱ्याच्या तोंडून आला म्हणून फोटो गेला, असं मानायला कुठलाच आधार नसतो.

करायला हवं होतं ते अवघड नव्हतं. फोन जिथे आहेत तसे ताब्यात घ्यायचे. प्रत्येकाकडून त्याच दिवशी लेखी जबाब: कोणाकडून आला, कोणाला दिला, कोणाला नुसता दाखवला. फोनची न्यायवैद्यक प्रत करून सीलबंद ठेवायची. कर्मचाऱ्याच्या उपकरणातून फोटो काढून टाकायचा तो यानंतर, तंत्रज्ञासमोर, नोंद करून. आणि कुटुंबाला आपण होऊन सांगायचं.

शेवटची गोष्ट झालीच नाही. कुटुंबांना हे कळलं ते महिन्याभराने, फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये छापून आलं तेव्हा. ज्या शेरीफने शब्द दिला होता त्याच्या कार्यालयातून एक फोनही गेला नव्हता. पुढे खटल्यात न्यायवैद्यक तपासणी झाली. पण काहींनी तोवर फोन बदलले होते, असं फिर्यादींच्या वकिलांनी मांडलं. काउंटी म्हणत होती की फोटो कुठेही सापडत नाहीत, म्हणजे धोका नाही. कुटुंबं म्हणत होती की सापडत नाहीत कारण तुम्हीच माग पुसलात. दुसरं म्हणणं जास्त सयुक्तिक आहे, हे मान्य करायला वकील असावं लागत नाही.

कायद्याने कुठला दरवाजा उघडला

रुग्णाच्या गोपनीयतेचा विषय निघाला की अमेरिकेत पहिल्यांदा १९९६ च्या हिपा कायद्याचं नाव येतं. या प्रकरणात तो उपयोगाचा नव्हता. हिपा बांधतो तो रुग्णालयं, डॉक्टर, विमा कंपन्या आणि इलेक्ट्रॉनिक बिलं पाठवणाऱ्या रुग्णवाहिका सेवांना. शेरीफचा डेप्युटी त्यात बसत नाही. मृत व्यक्तीच्या आरोग्य माहितीलाही हा कायदा ५० वर्षं संरक्षण देतो, पण इथे उपचार झालेच नव्हते, रुग्ण म्हणून नोंद नव्हती. शिवाय हिपाखाली नातेवाइकांना स्वतः दावा लावता येत नाही. तक्रार करता येते, कारवाई सरकार करतं. रुग्णवाहिकेवरचे बरेच जण ‘हिपा लागू नाही ना, मग झालं’ असा सोयीचा अर्थ काढतात. या खटल्याने तो अर्थ निकालात काढला.

सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनेसा ब्रायंट यांनी काउंटीवर दावा लावला. त्याच अपघातात पत्नी आणि मुलगी गमावलेल्या एका गृहस्थांचा दावाही त्याच्याबरोबर चालला. आधार होता नागरी हक्कांच्या कायद्यातलं कलम १९८३ आणि राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती. म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने घटनात्मक हक्क मोडला, असा थेट आरोप.

मेलेल्या माणसाच्या फोटोवर जिवंत कुटुंबाचा हक्क कसा, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्याची पायवाट आधीच पडली होती. २००४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकाराच्या एका खटल्यात मान्य केलं की मृताच्या घटनास्थळावरच्या फोटोंबाबत जवळच्या नातेवाइकांना स्वतःचा असा गोपनीयतेचा हक्क असतो. २०१२ मध्ये नवव्या सर्किट न्यायालयाने (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीचं संघीय अपील न्यायालय) सॅन डिएगो काउंटीच्या एका खटल्यात आणखी पुढचं पाऊल टाकलं. एका सरकारी वकिलाने लहान मुलाच्या शवविच्छेदनाच्या फोटोची प्रत स्वतःकडे ठेवली होती आणि निवृत्तीनंतर ती माध्यमांना दिली होती. न्यायालयाने म्हटलं की मृत अपत्याच्या अशा प्रतिमांवर नियंत्रण ठेवण्याचा पालकांचा हक्क घटनेने संरक्षित आहे. लॉस एंजेलिस याच न्यायालयाच्या कक्षेत येतं.

काउंटीचा मुख्य बचाव एकच होता: फोटो सार्वजनिक झाले नाहीत, मग नुकसान कसलं? काउंटीने तर फिर्यादींची मानसिक तपासणी करण्याची मागणीही केली होती. मनस्ताप खरा आहे का आणि तो फोटोंमुळे आहे की मृत्यूमुळे, हे ठरवायला. वकिली डावपेच म्हणून समजू शकतो, पण सार्वजनिक सेवेने स्वतःच्या चुकीतून उभ्या राहिलेल्या दुःखाचं वजन करायला असं निघावं, हे बरं दिसलं नाही.

या बचावाला उत्तर त्याच राज्यात तयार होतं. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये ऑरेंज काउंटीत एक अठरा वर्षांची मुलगी कार अपघातात गेली. महामार्ग पोलिसांच्या नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्यांनी (डिस्पॅचरांनी) तिचे फोटो ईमेलने ओळखीच्यांना पाठवले. ते इंटरनेटवर पसरले, आणि निनावी लोकांनी ते तिच्या वडिलांना भलत्याच नावाखाली ईमेलही केले. २०१० मध्ये अपील न्यायालयाने त्या कुटुंबाला दावा चालवायची मुभा दिली आणि पुढे भरपाई देऊन प्रकरण मिटलं. हे सगळं जाहीर होतं. व्हेनेसा ब्रायंट यांनी साक्षीत सांगितलं की एखाद्या दिवशी आपल्या मुलींच्या समोर हे फोटो अचानक येतील, या भीतीत आपण जगतो. अशी भीती कल्पनेतली म्हणता येत नाही. शेजारच्या काउंटीत ती खरी ठरली होती.

१० ऑगस्ट २०२२ ला न्यायाधीश जॉन वॉल्टर यांच्यासमोर सुनावणी सुरू झाली आणि २४ ऑगस्टला निकाल आला. नऊ जणांच्या जूरीने सुमारे साडेचार तासांत एकमताने काउंटीला जबाबदार धरलं. दोन्ही फिर्यादींना मिळून सुमारे ३ कोटी डॉलर देण्याचा आदेश झाला. २०२३ मध्ये व्हेनेसा ब्रायंट आणि त्यांच्या मुलींचे उरलेले सगळे दावेही मिटवताना काउंटीने त्यांना द्यायची एकूण रक्कम २ कोटी ८८ लाख ५० हजार डॉलर ठरली.

रकमेपेक्षा जूरीने कशावर बोट ठेवलं ते पाहा. अमेरिकेत एखाद्या कर्मचाऱ्याने गैरवर्तन केलं म्हणून महापालिका किंवा काउंटी आपोआप जबाबदार ठरत नाही. संस्थेचं धोरण, रूढ प्रथा किंवा प्रशिक्षणाचा अभाव दाखवावा लागतो. इथे धोरण आणि प्रशिक्षण अपुरं होतं, हे दोन्ही विभागांबाबत सिद्ध झालं. ‘काही वाह्यात पोरांनी केलं’ हे म्हणून संस्थेला हात झटकता आले नाहीत.

मग फोटो काढूच नये का?

असं मी म्हणणार नाही. रुग्णवाहिकेच्या कामात फोटोला खरी जागा आहे. मोटार कशी चेपली, स्टिअरिंग वाकलं का, काच कुठे फुटली, हे रुग्णालयातल्या ट्रॉमा पथकाने (गंभीर दुखापतींवर उपचार करणाऱ्यांनी) पाहिलं तर दुखापत शोधायला मदत होते. अमेरिकेतल्या ट्रायाजच्या, म्हणजे कोणाला आधी आणि कुठे न्यायचं हे ठरवण्याच्या, मार्गदर्शक सूचनांत माणूस बसला होता त्या जागी गाडीचा पत्रा, छतासकट, १२ इंचांपेक्षा जास्त आत येणं, किंवा इतर कुठेही १८ इंचांपेक्षा जास्त येणं, हा धोक्याचा निकष आहे. पण ‘ड्रायव्हरच्या बाजूने फूटभराहून जास्त आत आलंय’ हे रुग्णालयात रुग्ण सोपवताना (हॅंडओव्हर देताना) तोंडीही सांगता येतं. फोटो काढायचाच तर गाडीचा काढा. माणूस चौकटीत यायची गरज क्वचितच असते: तुटून वेगळा झालेला अवयव, घरी बांधलेलं ड्रेसिंग उघडण्याआधीची जखम, अत्याचाराच्या खुणा.

अशा वेळी तो संस्थेच्या उपकरणावर काढायचा, रुग्णाच्या नोंदीत चढवायचा, का काढला ते एका ओळीत लिहायचं, आणि उपकरणावर प्रत राहू द्यायची नाही. रुग्ण शुद्धीवर असेल तर विचारायचं. स्वतःचा फोन खिशातच. त्याचं साधं कारण असं की वैयक्तिक फोनमधला फोटो घरच्या टॅबलेटवर, सामायिक अल्बमात, बॅकअपमध्ये आपोआप जाऊन बसतो, आणि फाइलमध्ये वेळ आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही असतात. चेहरा झाकला, नाव लिहिलं नाही म्हणून ओळख लपत नाही. तारीख, वेळ आणि रस्ता कळला की बातमी शोधायला पाच मिनिटं पुरतात.

‘शिकवण्यासाठी ठेवलाय’ हे कारण मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं आणि सगळ्यात कमी पटतं. शिकवायचं असेल तर शिक्षण विभागाकडे द्या, तिथे परवानगी घेऊन, ओळख काढून तो वापरला जाईल. तुमच्या गॅलरीत वाढदिवसाच्या आणि सहलीच्या फोटोंच्या मधे पडलेला तो फोटो कोणाला काही शिकवत नाही.

नवा कायदा आणि त्यातली फट

कॅलिफोर्नियात कोरोनरच्या फोटोंच्या प्रती काढण्यावर आधीपासून बंधन होतं. घटनास्थळी आधी पोचणाऱ्यांच्या फोटोंवर मात्र तसं काही नव्हतं. ही फट बुजवायला २०२० च्या सप्टेंबरमध्ये एबी २६५५ या विधेयकावर राज्यपालांची सही झाली आणि १ जानेवारी २०२१ पासून ते लागू झालं. पोलीस, अग्निशमन कर्मचारी, पॅरामेडिक आणि ईएमटी (रुग्णवाहिकेवरचे प्रशिक्षित कर्मचारी), बचाव पथक, सगळे त्यात येतात. अपघात किंवा गुन्ह्याच्या जागी मृत व्यक्तीचा फोटो अधिकृत पोलीस कामाशिवाय किंवा खऱ्या सार्वजनिक हिताशिवाय काढणं हा गुन्हा, प्रत्येक उल्लंघनाला १,००० डॉलरपर्यंत दंड.

एक हजार डॉलर ही रक्कम किरकोळच आहे. तरी दोन गोष्टी नेमक्या साधल्या. पहिली, गुन्हा फोटो काढण्याच्या क्षणी पूर्ण होतो, पाठवण्याची वाट पाहावी लागत नाही. ‘मी कोणाला दाखवला नाही’ हा बचाव तिथेच गळून पडतो. दुसरी, या गुन्ह्याच्या पुराव्यासाठी झडतीचं वॉरंट काढता येतं. कॅलाबाससनंतर ज्याची उणीव भासली तेच: फोटो मिटवला जाण्याआधी फोन हातात येण्याची सोय.

जे सुटलं तेही तितकंच ठळक आहे. हे कलम फक्त मृतांसाठी आहे. स्ट्रेचरवर कपडे कापलेल्या अवस्थेत शुद्ध हरपून पडलेला, पुढे बरा होऊन घरी जाणारा माणूस त्यात येत नाही. त्याच्यासाठी रुग्णवाहिका सेवा हिपात बसत असेल तर हिपा, नाहीतर गोपनीयतेचे सर्वसाधारण दिवाणी दावे आणि संस्थेचे स्वतःचे नियम, एवढंच उरतं. त्यामुळे सेवेने आपला नियम लिहिताना कायद्यातली ‘मृत’ ही अट जशीच्या तशी उचलू नये. नियम सगळ्या रुग्णांना लागू करावा आणि त्यात तक्रार आल्यावर पहिल्या तासात काय करायचं तेही लिहावं: मिटवू नका, फोन जमा करा, जबाब घ्या, कुटुंबाला कोण फोन करणार त्याचं पद आधीच ठरवून ठेवा.